'तो' देव म्हणजे पुरुष देव?

"देव शब्द पुल्लिंगी, म्हणजे हिंदू परंपरेत परमेश्वर पुरुषच," हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. ते चूक आहे.

व्याकरणातलं लिंग शब्दाला असतं, शब्द ज्याच्यासाठी वापरलाय त्याला नव्हे. संस्कृतात बायकोसाठीचे तीन शब्द बघा: भार्या स्त्रीलिंगी, दार पुल्लिंगी (तोही अनेकवचनी!) आणि कलत्र चक्क नपुंसकलिंगी. बायको तीच. वज्रधारी इंद्रालाही आपण 'वैदिक देवता' म्हणतोच, आणि देवता तर स्त्रीलिंगी. उपनिषदांतलं अंतिम तत्त्व, म्हणजे ब्रह्म, नपुंसकलिंगी. चार तोंडांचा ब्रह्मा वेगळा. श्वेताश्वतर उपनिषद तर सरळच सांगतं, 'त्वं स्त्री त्वं पुमानसि'. तू स्त्री, तूच पुरुष.

घारापुरीच्या मोठ्या लेण्यात त्रिमूर्तीशेजारी अर्धनारीश्वर आहे. उजवं अंग शिवाचं, हात नंदीवर टेकलेला. डावं पार्वतीचं, तिथे एकच स्तन, कमरेला बाक. दगडात कोरलेलं हे उत्तर बघायला गेटवेहून बोट मिळते.

आणि पंढरपूरचा 'तो' विठोबा? वारकऱ्याच्या तोंडी त्याची 'विठाई माउली' कधी होते, ते त्यालाही कळत नाही.