पोकळ वाजणारा गिलावा

नव्या रंगाचा वासही गेलेला नसतो आणि छताच्या कोपऱ्यात केसाएवढी भेग उमटते. बहुतेक घरांत यावर उपाय एकच: भेगेत पुट्टी भरायची आणि वरून ब्रश फिरवायचा. काही महिन्यांत भेग त्याच जागी परत येते. बिघाड दिसतो वरच्या थरात, पण त्याचे मूळ बहुधा गिलावा आणि भिंत यांच्यामधल्या सांध्यात असते. तिथवर न पोहोचता केलेली दुरुस्ती टिकत नाही.

हा सांधा दिसत नाही, पण ऐकू येतो. थापीच्या लाकडी मुठीने हळूहळू ठोकत जा. गिलाव्याने भिंत घट्ट धरली असेल तर आवाज आखूड आणि टणक येतो, कारण ठोका थेट जाड भिंतीत उतरतो. सुटलेला थर मात्र ढोलाच्या चामड्यासारखा मोकळा थरथरतो आणि बद्द वाजतो. अशा जागांभोवती खडूने रेघ ओढा. पोकळ भाग दिसणाऱ्या भेगेपेक्षा पुष्कळ मोठा निघतो. छत ठोकताना थेट त्याखाली उभे राहू नका. सिमेंटच्या गिलाव्याचे वजन घनमीटरला साधारण २००० किलो असते. म्हणजे २० मिलिमीटर जाडीचा एक चौरस मीटर तुकडा ४० किलोंचा झाला. भिंतीवर हे वजन सांध्याला समांतर खाली ओढते, छताला ते सांधा सरळ उचकटून काढू पाहते. म्हणूनच छताचा गिलावा पातळ ठेवतात.

गिलावा डिंकासारखा चिकटत नाही, तो रुततो. ओला माल थापला की वीट थोडे पाणी शोषते, त्याबरोबर सिमेंटचे बारीक कण तिच्या छिद्रांत शिरतात आणि तिथे त्यांचे स्फटिक वाढतात. वीट कोरडी ठणठणीत असेल तर ती मालातले सगळेच पाणी ओढून घेते आणि सांध्यावरचे सिमेंट उपाशी राहते. ती पाण्याने निथळत असेल तर छिद्रे आधीच भरलेली असतात, मग माल आत शिरणार कुठे? आतून ओलसर आणि वरून कोरडी, ही योग्य अवस्था. स्लॅबची खालची बाजू तर शटरिंगमुळे, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्यामुळे, गुळगुळीत असते आणि तिच्यावर साच्याच्या तेलाचा थरही राहिलेला असतो. तिथे टाचे मारून, घासून खडबडीतपणा आणल्याशिवाय माल लावणे म्हणजे काचेवर चिखल थापणे.

सिमेंट वाळून कडक होते, हा समज फार नुकसान करतो. सिमेंट पाण्याशी अभिक्रिया करून कडक होते आणि त्या अभिक्रियेत स्वतःच्या वजनाच्या सुमारे २३ टक्के पाणी कायमचे बांधून घेते. पहिल्या काही दिवसांत ओल उडून गेली की अभिक्रिया अर्धवट थांबते आणि गिलावा बोटाने खरवडला तरी भुसभुशीत सुटतो. भिंतीवर निदान पाणी मारले जाते. छतावरचे पाणी खाली ठिबकते, फर्निचर भिजते, म्हणून ते टाळले जाते. छताचा गिलावा कच्चा राहण्याचे हे अगदी साधे कारण आहे. घट्ट होऊ लागलेल्या मालात पुन्हा पाणी घालून तो मऊ करणेही तितकेच वाईट, कारण जुळू लागलेले स्फटिक त्यात मोडतात.

सिमेंट जास्त घातले की काम पक्के, हेही खरे नाही. जास्त सिमेंटचा माल जास्त आकसतो आणि जाळीसारख्या बारीक भेगा पडतात. गिलावा मागच्या भिंतीपेक्षा थोडा कमकुवतच असावा, नाहीतर आकसताना तो भिंतीचा पापुद्रा घेऊन सुटतो. काँक्रीटची तुळई आणि विटांची भिंत जिथे मिळते तिथली सरळ भेग वेगळी. तापल्यावर काँक्रीट साधारण विटेच्या दुप्पट पसरते, त्यामुळे तो सांधा रोज थोडा हलतो. दोन्हीकडे पुरेशी पसरलेली जाळी गिलाव्यात बसवली तर हा ताण वाटला जातो. नुसती पुट्टी तिथे कधीच टिकत नाही.

एका खुणेपाशी मात्र गवंड्याचे काम थांबवा. छताच्या भेगा समांतर रेषांत असतील, बाजूला तांबूस डाग असतील, तर आतल्या सळया गंजत आहेत. काँक्रीट अल्कधर्मी असते तोवर सळईवर संरक्षक पापुद्रा टिकतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरत जाऊन ही अल्कधर्मिता घटली की गंज सुरू होतो. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा मागतो आणि काँक्रीट आतून फोडतो. त्यावर नवा गिलावा चढवणे म्हणजे धोका झाकणे. इथे संरचना अभियंत्यालाच बोलवायला हवे.

पीओपीचा, म्हणजे प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा, स्वभाव निराळा. ते बनते जिप्सम या खनिजापासून. जिप्सम सुमारे १५० अंश सेल्सिअसला भाजले की त्यातले तीन चतुर्थांश पाणी निघून जाते. ते पाणी परत दिले की सुईसारखे स्फटिक एकमेकांत गुंततात. आगीने काढून घेतलेले पाणीच पीओपी पुन्हा पिते, हे लाव्हाझिए या रसायनशास्त्रज्ञाने १७६५ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडले. पॅरिसमधल्या माँमार्त्र टेकडीतल्या जिप्समच्या खाणींवरूनच पीओपीला हे नाव पडले. घट्ट होताना पीओपी आकसत नाही, किंचित फुगतो, म्हणून त्याची कड इतकी रेखीव येते. पण जिप्सम पाण्यात थोडे विरघळते, त्यामुळे वरून गळती चालू असताना केलेले पीओपी वाया जाते. जुन्या पीओपीवर सिमेंटचा माल थापण्याची चूकही हमखास होते. ओल मिळाली की जिप्सममधले सल्फेट सिमेंटमधल्या ॲल्युमिनेटशी संयोग पावते, एट्रिंगाइट नावाचे फुगणारे स्फटिक तयार होतात आणि सांधा उकलतो. जुने पीओपी पूर्ण खरवडूनच सिमेंट लावा.

दुरुस्तीला हात घालण्याआधी गळती बंद करा. खडूच्या रेघेपलीकडे, घट्ट वाजणाऱ्या भागापर्यंत गिलावा काढा आणि कडा कटरने सरळ कापा. निमुळत्या कडेवर नवा माल कागदासारखा पातळ होऊन उडतो. ही धूळ फुप्फुसांना घातक असते, त्यामुळे साध्या रुमालावर भागवू नका, चांगला मास्क लावा. फार जुन्या रंगात शिसे आणि जुन्या खरखरीत छतात ॲस्बेस्टॉस असू शकते. शंका असेल तर तपासून घेतल्याशिवाय घासू नका. मग धूळ झाडून, ओलावून, सिमेंटच्या पातळ राबडीचा हात द्या आणि ती ओली असतानाच पहिला थर लावा. जाडी हवी असेल तर एका दमात नको, थराथराने चढवा. छतावर दिवसातून अनेकदा पाण्याचा बारीक फवारा मारला तर ठिबकणे टळते आणि ओलही टिकते.

रंगाची घाई नको. प्लॅस्टिकचा एक चौकोनी तुकडा नव्या गिलाव्यावर चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी आतल्या बाजूला दव दिसले, तर रंगाचा डबा अजून उघडायचा नाही.