गोठवणं आणि जाळणं: हृदयाच्या ॲब्लेशनच्या दोन तऱ्हा

हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडल्यावर 'ॲब्लेशन करावं लागेल' एवढं ऐकलं की पुढचा प्रश्न विचारायचं बहुतेकांचं राहूनच जातं. कशानं करणार, उष्णतेनं की थंडीनं? दोन्हींत जांघेतल्या शिरेतून कॅथेटर, म्हणजे बारीक लवचिक नळी, हृदयापर्यंत नेतात, आणि जिथून भलते विद्युतसंदेश निघतात किंवा पुढे जातात, तिथल्या पेशी निकामी करून व्रण तयार करतात. धोके मात्र दोन्हींचे सारखे नाहीत. 'गोठवणं सौम्य, म्हणून सुरक्षित' ही समजूत तर अर्धीच खरी आहे.

रेडिओफ्रिक्वेन्सी, म्हणजे उष्णतेच्या प्रकारात कॅथेटरच्या टोकाशी ऊती तापते आणि 50 अंश सेल्सिअसच्या वर गेली की पेशी कायमच्या मरतात. ठिपक्याला ठिपका जोडत रेघ पूर्ण करायची. फार तापलं तर उतीतल्या पाण्याची वाफ होऊन भिंत फुटण्याची भीती असते. म्हणून या कॅथेटरच्या टोकातून सलाइन सोडून ते थंड ठेवतात. इथेच बरेच जण फसतात: टोक थंड ठेवलं म्हणजे ते क्रायो (गोठवण्याचा प्रकार) झालं असं नाही. काम उष्णताच करते.

क्रायोमध्ये द्रवरूप नायट्रस ऑक्साइड कॅथेटरच्या आत सोडतात. त्याचा वायू होताना तो आजूबाजूची उष्णता ओढून घेतो आणि उती गोठते. पेशी मरतात, पण त्यांना धरून ठेवणारा कोलेजनचा सांगाडा बराचसा शाबूत राहतो.

थंडीची खरी ताकद मात्र वेगळी आहे. सुमारे उणे 30 अंशांपर्यंत थोडा वेळ गार केलेली उती काम थांबवते, मरत नाही. गारवा काढला की पुन्हा जागी होते. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांकडे संदेश नेणाऱ्या एव्ही नोडला लागून काम असेल, तेव्हा याचं मोल कळतं. आधी गार करून पाहायचं आणि नोडवर परिणाम दिसला की लगेच थांबायचं. शिवाय गोठलेलं टोक उतीला चिकटून बसतं, निसटत नाही. उष्णतेत इतकी सवड नसते. नोड कायमचा जायबंदी झाला तर पेसमेकर बसवावा लागतो. थंडीच्या या सुरक्षिततेची किंमतही आहे: अशा ठिकाणी क्रायो केल्यावर त्रास परत उद्भवण्याचं प्रमाण जास्त असतं. तरीही लहान मुलांच्या आणि तरुणांच्या बाबतीत मला हा सौदा योग्य वाटतो. ॲब्लेशन पुन्हा करता येतं. पेसमेकरची सोबत मात्र जन्मभराची.

पण हे सगळं टोकानं गोठवणाऱ्या कॅथेटरबद्दल झालं. एट्रियल फिब्रिलेशनसाठी, म्हणजे वरचे कप्पे बेताल थरथरण्याच्या त्रासासाठी, वापरतात तो क्रायोबलून, आणि त्याचा हिशेब निराळा. हा त्रास बहुतेकदा फुप्फुसांतून हृदयात रक्त आणणाऱ्या फुप्फुसशिरांमधून सुरू होतो, हे बोर्दोच्या मिशेल हायसागेर यांच्या गटानं 1998 मध्ये दाखवलं. फुगा शिरेच्या तोंडाशी बसवून सगळं वर्तुळ एकदम गोठवतात. उजव्या बाजूच्या शिरांना लागूनच श्वासपटल हलवणारी फ्रेनिक नस जाते, आणि गारवा तिच्यापर्यंत पोचू शकतो. म्हणून उजवीकडे गोठवताना ही नस सतत उद्दीपित करतात आणि पोटावर हात ठेवून श्वासपटलाचे धक्के जोखतात. धक्का मंदावला की गोठवणं तत्काळ बंद.

2016 च्या 'फायर अँड आइस' चाचणीत, अधूनमधून फिब्रिलेशन होणाऱ्या 762 रुग्णांमध्ये क्रायोबलून आणि रेडिओफ्रिक्वेन्सी यांची तुलना झाली. परिणामकारकतेत क्रायोबलून कमी पडला नाही आणि एकूण सुरक्षिततेतही लक्षणीय फरक दिसला नाही. फ्रेनिक नसेची इजा मात्र क्रायो गटात 2.7 टक्के जणांना घरी जाताना होती. वर्षभरानंतर ती 0.3 टक्क्यांवर आली. म्हणजे बहुतेकांची नस सावरते, पण दरम्यानचे महिने जिना चढताना लागणारी धाप खरी असते. रुग्णाला हे आधीच सांगायला हवं. जांघेत रक्तस्राव, हृदयाभोवती रक्त साचणं, पक्षाघात हे धोके दोन्हींत आहेत. रक्त पातळ करणारी गोळी त्यानंतर निदान दोन महिने चुकवू नये, नाडी नियमित वाटली तरी.

सर्वांत दुर्मीळ पण सर्वांत घातक गुंतागुंतही दोन्हींत होऊ शकते. क्रायोत ती आणखी विरळा, शून्य नव्हे. अन्ननलिका हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याला पाठीमागून चिकटून असते, आणि इजा खोल गेली तर दोहोंमध्ये भोक पडतं. हे टेबलावर कळत नाही. बहुधा दोन ते चार आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा, ताप, छातीत दुखणं, गिळताना वेदना किंवा हातापायातली ताकद अचानक जाणं अशी लक्षणं दिसतात, आणि तोवर ॲब्लेशनचा विसर पडलेला असतो. असं काही झालं तर तातडीनं रुग्णालय गाठावं आणि दारातच सांगावं की ॲब्लेशन झालं आहे. ही शंका असताना एंडोस्कोपी (तोंडातून अन्ननलिकेत दुर्बीण घालून तपासणं) टाळतात, कारण त्यात भरलेली हवा त्या भोकातून हृदयात आणि तिथून मेंदूत जाऊ शकते; आधी छातीचं सीटी स्कॅन करतात.