हुइगुआन (कोलकात्यातल्या चिनी गावमंडळ्या)

परदेशी गेलेल्या चिनी माणसांनी आपापल्या तालुक्याच्या, जिल्ह्याच्या किंवा बोलीच्या नावानं काढलेली मंडळी आणि त्या मंडळीची वास्तू, दोन्हीला हुइगुआन म्हणतात. हुइ म्हणजे जमणं, सभा, आणि गुआन म्हणजे मुळात पाहुण्यानं उतरायची जागा. कॅन्टनी (दक्षिण चीनमधल्या कॅन्टन शहराकडच्या) बोलीत ह्याच शब्दाचा उच्चार साधारण वुइ-गून असा होतो आणि मुंबईत माझगावला जे 'सी युप कून' आहे त्यातलं कून ते हेच. मराठी वाचकाला ही गोष्ट परकी वाटू नये कारण गिरणगावात कोकणातल्या एकेका गावानं घेतलेली गावकीची खोली, किंवा धोबीतलाव-माझगाव भागातली गोंयकारांची कूड, जिथे एका गावचे तारवटी बोट मिळेपर्यंत राहायचे आणि संध्याकाळी त्याच खोलीतल्या आल्तारापुढे रोझरी म्हणायचे, त्याच जातीची ही संस्था आहे. म्हणून तिला नुसतं 'चिनी मंदिर' म्हणून सोडून देणं बरोबर नाही. देव तिथे आहेत, पण दारावर नाव असतं ते गावाचं.

ह्या संस्थेचा उगम वादाचा आहे. बरीच वर्षं आधार धरला जायचा तो मिंग काळाच्या शेवटी, १६३५ च्या सुमारास छापलेल्या बीजिंगच्या एका वर्णनाचा, त्यात म्हटलंय की राजधानीतल्या हुइगुआन जियाजिंग आणि लोंगचिंग ह्या बादशहांच्या काळात (१५२२ ते १५७२) सुरू झाल्या. नंतर इतिहासकार हो पिंग-ती यांनी १९६० च्या दशकात वूहू ह्या गावच्या स्थानिक बखरी तपासून दाखवलं की वूहूच्या एका अधिकाऱ्यानं बीजिंगमधली आपली जागा गावकऱ्यांसाठी दिली ती योंगल बादशहाच्या काळातच (१४०३ ते १४२४), म्हणजे आधीच्या समजुतीपेक्षा शंभर-सव्वाशे वर्षं आधी. आता बहुतेक अभ्यासक हेच धरून चालतात आणि ते पटण्यासारखं आहे, कारण राजधानी नानजिंगहून बीजिंगला १४२१ मध्ये हलली आणि दूरदूरचे अधिकारी एकदम नव्या शहरात येऊन पडले तेव्हा उतरायच्या जागेची गरज लागणारच. दुसरा वाद असा की पहिली हुइगुआन अधिकाऱ्यांची, परीक्षेला आलेल्या विद्यार्थ्यांची की व्यापाऱ्यांची. बीजिंगपुरतं उत्तर अधिकारी आणि विद्यार्थी असं दिसतं, व्यापारी गावांमध्ये मात्र चित्र वेगळं होतं, आणि समुद्रापार जी हुइगुआन गेली ती ह्या दुसऱ्या, व्यापारी-कारागिरांच्या वळणाची. पेनांगमध्ये हक्का (दक्षिण चीनमधला स्वतःची वेगळी बोली असलेला समाज) लोकांची एक मंडळी १८०१ ची मानतात, सिंगापूरला १८२२ च्या दोन आहेत, सॅन फ्रान्सिस्कोला सोन्याच्या ओढीनं गेलेल्यांनी १८५१ मध्ये काढल्या.

कोलकात्यातली चिनी वस्ती कधीपासून हाही असाच न सुटलेला प्रश्न. सगळीकडे पहिलं नाव येतं अचेव किंवा तोंग अचू ह्या माणसाचं (त्याचं नाव यांग ताइ चाव असंही दिलं जातं), ज्याला वॉरन हेस्टिंग्जनं बजबजच्या खाली हुगळीकाठी उसासाठी जमीन दिली. साल कोणी १७७८ देतं कोणी १७८०. जमीन ६५० बिघे आणि वर्षाला ४५ रुपये खंड असं सांगतात. खात्रीचं म्हणावं असं एवढंच की नोव्हेंबर १७८१ मध्ये कंपनी सरकारनं एक जाहीर सूचना काढली की अचेवकडे कराराने कामाला असलेल्या चिनी मजुरांना कोणी फूस लावून पळवू नये, आणि १७८३ च्या अखेरीस तो वारलेला होता. म्हणून साल सांगायचंच तर '१७८१ च्या आधी' एवढंच म्हणावं. पुढे १८०४ मध्ये साखरेची ही मिळकत विक्रीला निघाली. मजूर शहरात आले, मकावच्या जहाजांवरून पळालेले खलाशी आधीपासून होतेच. त्या जमिनीवरच्या गावाला अचिपूर हे नाव अचेववरूनच पडलंय, नदीकाठी घोड्याच्या नालाच्या आकाराची लाल रंगाची त्याची समाधी आहे आणि जवळच भूमीदेव-भूमीदेवी ह्या जोडप्याचं देऊळ, ज्याला आसपासचे लोक खुदा-खुदी म्हणतात. चिनी नवीन वर्ष झालं की कोलकात्याची कुटुंबं आजही तिथे धूप, फळं, डुकराचं मांस घेऊन जातात. शहरातल्या सगळ्या मंडळ्या आपल्या तालुक्यापुरत्या, पण अचिपूरचा मूळपुरुष मात्र सगळ्यांचा, आणि बोलीबोलीत विभागलेल्या ह्या समाजाला ही एक यात्रा एकत्र आणते, ह्याचं मोल मोठं आहे.

शहरात १८३७ च्या गणतीत ३६२ चिनी नोंदले गेले. १८५८ मध्ये कैदी झालेला कॅन्टनचा सुभेदार ये मिंगचेन याला इंग्रजांनी कोलकात्यात आणून ठेवलं तेव्हा त्याच्याबरोबर दुभाष्या म्हणून अ‍ॅलाबास्टर नावाचा तरुण इंग्रज आला होता आणि त्यानं इथल्या चिनी वस्तीवर एक टिपण लिहिलं, सुतार, चांभार, चरबी करणारे असे धंदे आणि वेगवेगळ्या प्रांतांच्या लोकांमधली तेढ त्यात आहे. एकोणिसाव्या शतकासाठी सगळे अभ्यासक ह्याच टिपणावर टेकतात. वस्ती होती कासाईतोला म्हणजे आत्ताचा बेंटिंक स्ट्रीट आणि मागचा टिरेटा बाजार, ज्याला एडवर्ड टिरेटा ह्या व्हेनिसच्या माणसाचं नाव आहे.

टिरेटा बाजाराच्या गल्ल्यांतल्या मंडळ्यांची नावं नीट उलगडली तर अख्खा नकाशा हाती येतो, आणि इथेच बहुतेक लिखाणात घोळ होतो म्हणून जरा सविस्तर. नाम सून म्हणजे नानहाय आणि शुन्द ह्या कॅन्टनलगतच्या दोन तालुक्यांची पहिली अक्षरं जोडून केलेलं नाव, ही सगळ्यात जुनी मानली जाते आणि १८२० साल सांगितलं जातं. तूंग ऑन म्हणजे डोंगग्वान आणि बाओआन, ह्यातलं बाओआन आज शेनझेन शहरात गेलंय. सी इप म्हणजे 'चार तालुके', शिनह्वेई, ताइशान, कायपिंग आणि एनपिंग, मोती नदीच्या मुखाच्या पश्चिमेचे, आणि अमेरिकेत गेलेले बहुतेक जुने चिनी इथलेच. कोलकात्याची सी इप आणि मुंबईची सी युप ही दोन वेगळी नावं नाहीत, तीच दोन अक्षरं दोन शहरांत रोमन लिपीत वेगवेगळी लिहिली गेली. सेइ वुइ मध्येही चार आहे पण ते चार तालुके नाहीत, सिहुइ नावाचा एकच तालुका आहे, ज्याच्या नावाचा अर्थ चार पाण्यांचा संगम. पुष्कळ ठिकाणी ह्या दोघी एक करून टाकलेल्या दिसतात. गी हिंगचं नाव ह्या सगळ्यात बसत नाही कारण ते गावाचं नाहीच, त्याचा अर्थ 'सचोटीची भरभराट' असा काहीसा होतो आणि मलायातल्या प्रसिद्ध, शपथेनं बांधलेल्या बंधुमंडळीचं नावही हेच होतं, तेव्हा ही त्या घराण्यातली असावी हे मत जास्त सरळ वाटतं.

ह्या सगळ्यांना कोलकात्यात 'चर्च' म्हणतात. सी इप चर्च, नाम सून चर्च. ख्रिस्ती धर्माशी काही संबंध नाही. इंग्रजांच्या दप्तरात चिनी पूजास्थानं चर्च म्हणून चढली आणि तेच नाव राहिलं हे नेहमीचं स्पष्टीकरण आहे, ते मान्य केलं तरी एक ध्यानात ठेवावं की चिनी पाटीवर आजही देऊळ असा शब्द नसून हुइगुआन आहे.

आतली रचना साधारण सारखी. सी इपची सध्याची वास्तू छाताओला गलीत १९०५ ची, वर गुआनयिन म्हणजे करुणेची देवी, बौद्धांच्या अवलोकितेश्वराचं चीनमधलं स्त्रीरूप. तूंग ऑन ब्लॅकबर्न लेनमध्ये, वर गुआन यू हा योद्धा, आणि खाली १९२० च्या दशकात नानकिंग हे रेस्टॉरंट निघालं जिथे त्या काळचं अख्खं हौशी कोलकाता जेवायला जायचं. गुआन यू जवळजवळ प्रत्येक कॅन्टनी मंडळीत असतो. तो युद्धाचा देव म्हणून असतो असं वरवर लिहिलं जातं, पण त्याच्या कथेचा गाभा तीन परक्या माणसांनी भाऊ होण्याची घेतलेली शपथ हा आहे आणि परमुलखात रक्ताचं कोणी नसलेल्या सुताराला, फिटरला, खलाशाला नेमकं तेच हवं होतं. देव्हाऱ्यापुढचे सोनेरी कोरीव लाकडी फलक, पितळी शस्त्रांची रांग, घंटा, हे सामान गावाकडच्या कारागिरांचं. कौल लावायच्या दोन तऱ्हा. एक म्हणजे बांबूच्या नळीतल्या नंबर घातलेल्या काड्या गुडघे टेकून हलवायच्या, जी काडी बाहेर पडेल त्या नंबरचा श्लोक बघायचा. दुसरी म्हणजे चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे, एक बाजू सपाट एक फुगीर, जमिनीवर टाकायचे आणि एक सपाट एक फुगीर पडलं तर देवाचा होकार. कोकणात देवाला कळे लावतात ते ज्यानं पाहिलंय त्याला हे लगेच कळेल.

पण मंडळीचं खरं काम खालच्या खोलीत चालायचं. नवीन आलेल्या माणसाला झोपायला जागा, कोणत्या मिस्त्रीकडे काम मिळेल ते सांगणं, ज्याला लिहिता येत नाही त्याचं पत्र लिहून देणं, घरी पैसे पोचवणं, देण्याघेण्याचं भांडण पोलिसात जाऊ न देता म्हाताऱ्यांपुढे मिटवणं, आणि रोज संध्याकाळी माहजोंग. माहजोंगच्या टाइल्सचा खडखडाट हा ह्या वास्तूंचा कायमचा आवाज. वर्गणी, देणगी आणि जागेचं भाडं ह्यावर सगळं चाले. धंदाही गावाप्रमाणे वाटलेला, कॅन्टनी लोक सुतारकाम आणि गोदीत, हक्का बूट आणि चामड्यात, हुबेइचे दात बसवणारे, शांडोंगचे गाठोडं घेऊन रेशीम विकत फिरणारे. शेवटच्या दोघांबद्दल फारच थोडं लिहिलं गेलंय. हक्का लोकांचं केंद्र पुढे शहराच्या पूर्वेकडच्या टांग्रा भागात गेलं, तिथे कातडी कमावायचे कारखाने घराघरात होते, बायका-मुलं सगळी कामाला, आणि तिथलं सामाजिक आयुष्य आडनावाच्या नात्यांवर आणि पेइ मेइ शाळेभोवती जास्त फिरत राहिलं.

सणांत मोठा अर्थातच नवीन वर्षाचा. प्रत्येक मंडळीचा सिंहनाचाचा चमू ढोल-झांजा घेऊन गल्लीतल्या दारोदारी जातो, दारावर टांगलेला हिरवा पाला आणि लाल पाकीट सिंहानं तोंडात घ्यायचं, त्या पैशावर मंडळीचा बराच खर्च निघतो. गुआन यूचा दिवस चांद्र सहाव्या महिन्याच्या २४ ला, गुआनयिनचे वर्षात तीन, दर वेळी १९ तारीख. एप्रिलच्या सुरुवातीला छिंगमिंग, तेव्हा दफनभूमीत जाऊन थडगी झाडायची, जेवण मांडायचं.

मरणाची व्यवस्था हे हुइगुआनचं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात जिव्हाळ्याचं काम. परदेशात मेलेला माणूस बेवारस राहू नये, त्याला आपल्या बोलीत निरोप मिळावा, त्याच्या नावानं कोणीतरी धूप लावावा. कॅन्टनी रीत अशी की काही वर्षांनी हाडं वर काढून, धुऊन, मडक्यात भरून गावी पाठवायची आणि ह्यासाठी जगभरच्या मंडळ्या हाँगकाँगच्या तुंग वा हॉस्पिटलमार्फत काम करायच्या. १९४९ मध्ये चीनमध्ये कम्युनिस्ट सत्ता आली त्यानंतर ही वाट जवळपास बंद झाली आणि जे इथे पुरले गेले ते इथेच राहिले.

१९४९ नेच दुसरी फूट पाडली, कोणी पेकिंगच्या बाजूचं कोणी तैवानच्या, शाळा आणि क्लब त्यावरून वेगळे झाले. आणि मग १९६२. युद्ध पेटल्यावर साधारण ३,००० चिनी वंशाच्या लोकांना, त्यात इथेच जन्मलेले, हिंदी-बंगाली-नेपाळी बोलणारे, म्हातारे आणि तान्ही मुलंसुद्धा, राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं, काहींना वर्षानुवर्षं. ह्यातले बरेच आसाम आणि दार्जिलिंगकडचे होते, पण कोलकात्यातही परदेशी म्हणून पोलिसात हजेरी, प्रवासाला परवानगी, नोकऱ्या जाणं हे झालंच. ह्या अन्यायाबद्दल भारत सरकारनं अजून माफी मागितलेली नाही, ती मागायला हवी. लोक टोरांटोला गेले, आणि तिथे देवळीच्या माणसांनी आपली संघटना काढली, तिला मात्र नाव कुठल्या चिनी तालुक्याचं नाही, त्या छावणीचं आहे.

एकेकाळी २०,००० च्या आसपास सांगितली जाणारी वस्ती आता दोन-अडीच हजारांवर आलीय. टांग्राचे कातडीचे कारखाने १९९० च्या दशकातल्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर शहराबाहेर बानतालाला हलवावे लागले आणि त्या जागी रेस्टॉरंटं उभी राहिली. टिरेटा बाजारात पोद्दार कोर्टाजवळ सकाळचा नाश्ता अजून मिळतो, वाफाळते बाओ, फिशबॉल सूप, रविवारी गर्दी असते, आठनंतर काही उरत नाही. मंडळ्यांची दारं सकाळी उघडतात, धूप लागतो, सेइ वुइच्या खाली आता रेस्टॉरंट आहे.

महाराष्ट्रातही चिनी माणसं होती, एकोणिसाव्या शतकात महाबळेश्वरच्या तुरुंगात मलायाकडून आणलेले चिनी कैदी भाजीपाला पिकवायचे आणि 'चायनामन्स फॉल' हे नाव त्यांच्यामुळेच पडलं, पण कैद्यांना मंडळी काढता येत नव्हती. मंडळी निघाली ती मुंबई बंदरात. माझगावला डॉकयार्ड रोड स्टेशनपासून जवळ, नवाब टँक रोडवर १९१९ ची सी युप कून आहे, चार तालुक्यांच्या खलाशांनी बांधलेली, लाल जिना चढून वर गेलं की गुआन यू, कौलाच्या काड्या, तेलाचा दिवा. दफनभूमी अँटॉप हिलला. गोव्याच्या खलाशांच्या कुडीही ह्याच माझगावात आहेत.