लहरीला चाहूल न लागू देणारी भिंत

संगणकावर विद्युतचुंबकीय लहरींचं गणित करताना कडेला पोचलेली लहर गिळायची तर तिथली भिंत जितकी जास्त शोषक तितकी चांगली, असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा आहे.

अँटेनातून निघालेली लहर मोकळ्या अवकाशात निघून जाते, ती परत येत नाही. संगणकाची मेमरी मात्र संपते. केन यी यांनी 1966 साली मांडलेल्या पद्धतीत अवकाशाची जाळी करून मॅक्सवेलची समीकरणं, म्हणजे विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांचे नियम, जाळीच्या घराघरात क्षणाक्षणाने पुढे नेतात. जाळीच्या कडेवर लहर आपटते, उलटी फिरते आणि सगळं गणित नासवते.

मग कडेला विद्युतवाहक थर लावला तर? लहर उलटते ती माध्यमाचा इंपीडन्स, म्हणजे विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांचं गुणोत्तर, एकदम बदलल्यामुळे. निर्वातात तो सुमारे 377 ओहम असतो. वाहकता वाढवली की तो ढळतो आणि परावर्तन वाढतं. धातू चकाकतात ते यामुळेच. पण जोडीला योग्य प्रमाणात 'चुंबकीय वाहकता'ही घातली तर गुणोत्तर जराही हलत नाही आणि लहर आत शिरून विरते. असा पदार्थ निसर्गात नाही, समीकरणात मात्र लिहिता येतो.

एवढ्यानेही भागत नाही, कारण हे जमतं फक्त सरळ आदळणाऱ्या लहरीला. तिरप्या लहरीची भिंतीला समांतर चाल थराच्या आतबाहेर तंतोतंत जुळावी लागते, आणि इथे ती जुळत नाही. 1994 साली झाँ-पिएर बेरांजे यांनी क्षेत्राचेच दोन तुकडे केले: एक भिंतीला लंब दिशेतल्या बदलातून आलेला, दुसरा समांतर दिशेतल्या. शोषण फक्त पहिल्याला! समांतर चाल अबाधित राहिली आणि कोन कुठलाही असो, वारंवारता कुठलीही असो, सीमेवरचं परावर्तन कागदावर शून्य झालं. त्याच वर्षी च्यू आणि वीडन यांनी दाखवलं की हे म्हणजे लंब दिशेचा सहनिर्देशक संमिश्र संख्यांमध्ये (उणे एकाचं वर्गमूळ असलेल्या संख्यांमध्ये) ताणणं आहे. लहरीचं दोलन करणारं घातांकी फल तिथे क्षीण होणारं बनतं. मला या विषयातली ही सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

जाळीवर मात्र शून्य मिळत नाही. घरं सुटी असल्यामुळे वाहकतेची प्रत्येक पायरी थोडी लहर परतवते. म्हणून वाहकता थराच्या आतल्या अंतराच्या वर्गाच्या किंवा घनाच्या पटीत हळूहळू वाढवतात. दहाएक घरांचा थर बहुधा पुरतो. भिंतीला जवळजवळ घासून जाणारी लहर तरीही त्रास देते, कारण लंब दिशेत ती फार थोडी सरकते. आणि फोटॉनिक स्फटिकासारखं (ठरावीक अंतराने तीच रचना पुन्हा पुन्हा येणारं) माध्यम थरातही तसंच चालू असेल, तर हा मेळ मुळातच बसत नाही. तिथे थर जाड करून शोषण अगदी सावकाश चढवावं लागतं.