उन्हात पोर एक डोळा मिटतं, ती नुसती सवय नसते

"उन्हात मूल एक डोळा मिटतं म्हणजे डोळे नाजूक आहेत, गाजर खाऊ घाला, गॉगल घ्या, मोठं झालं की जाईल" असं वर्षानुवर्षं फिरतंय. आपल्या आज्या पण हेच सांगायच्या, काळजीपोटीच.

पण नीट बघा, ऊन नुसतंच जास्त वाटत असेल तर दोन्ही डोळे बारीक होतात. दरवेळी एकच मिटत असेल तर प्रश्न बऱ्याचदा दोन डोळ्यांच्या जोडीचा असतो. काही मुलांचा एक डोळा मधूनमधून बाहेरच्या बाजूला सरकतो, मेंदू ओढून धरतो म्हणून एरवी कळत नाही, आणि कडक उन्हात ती पकड सुटते म्हणून पोर तो डोळा बंद करतं. गाजराचा इथे काही संबंध नाही, व्हिटॅमिन ए कमी पडलं तर आधी रातांधळेपणा येतो.

घरी बघायचं तर संध्याकाळी पोर दमलेलं असताना गॅलरीतून लांबची पाण्याची टाकी बघायला सांगा, एक डोळा तळहाताने थोडा वेळ झाका, हात काढताना तो डोळा बाहेरून आत येतो का बघा, मग दुसरा. काही दिसलं नाही तरी निश्चिंत होऊ नका, कारण हे येतं-जातं असतं. चष्म्याचा नंबर ठीक निघाला तरी डॉक्टरांना तिरळेपणा तपासा असं स्पष्ट सांगा, उन्हातला एखादा व्हिडिओ दाखवा.

आणि डोळा लाल असेल, दुखत असेल किंवा तान्ह्या बाळाला उजेड सहन होत नसेल, डोळ्यांतून पाणी येत असेल तर वाट बघू नका, लगेच दाखवा.