दोन आघाड्यांचा पेच: फ्रेडरिकच्या कूचपासून पटावरच्या बर्लिनपर्यंत

१९८४ साली मिल्टन ब्रॅडलीने बाजारात आणलेल्या ‘ॲक्सिस अँड अलाइज’ या दुसऱ्या महायुद्धावरच्या पटावरच्या खेळात जर्मनी ३२ आयपीसी घेऊन सुरुवात करतो आणि सोव्हिएत रशिया २४ घेऊन. आयपीसी हे खेळातले चलन, आणि पायदळाची एक सोंगटी ३ आयपीसीला मिळते. म्हणजे जर्मनीला फेरीमागे १० पायदळे आणि रशियाला नेमकी ८. आकड्यांत जर्मनी पुढे दिसतो. पण शेजारी ब्रिटन ३० आयपीसीवर बसलेला असतो आणि भरलेली दोन मालवाहू जहाजे दर फेरीला चार पायदळे किनाऱ्यावर उतरवू शकतात. त्यांना तोंड द्यायला फेरीमागे तीन पायदळे पश्चिमेला वळवली की पूर्वेसाठी उरतात ७, आणि समोर असतात ८. अमेरिकेचे ३६ आयपीसी तर अजून समुद्र ओलांडून यायचे आहेत.

हा पेच बळाच्या तुटवड्याचा वाटतो, पण मुळात तो वेळेचा आहे. मधोमध सापडलेल्या सत्तेला एकाच सैन्याकडून दोन ठिकाणी काम करून घ्यायचे असते. ते जमते की नाही, हे सैन्य इकडून तिकडे किती लवकर पोहोचते यावर ठरते. युद्धखेळ रचणाऱ्यांनी या वेळेची किंमत दर वेळी वेगळी लावली, आणि किंमत बदलली तसा खेळण्याचा मार्गही बदलत गेला.

मूळ नमुना अठराव्या शतकातला आहे. ५ नोव्हेंबर १७५७ रोजी प्रशियाच्या दुसऱ्या फ्रेडरिकने सॅक्सनीत रॉसबाख येथे फ्रेंच आणि त्यांच्या जर्मन साथीदारांच्या फौजेला हरवले. मग सैन्य घेऊन तो पूर्वेला सायलेशियात गेला आणि ५ डिसेंबरला लॉइथेन येथे संख्येने बऱ्याच मोठ्या ऑस्ट्रियन फौजेचा पराभव केला. एकच फौज, दोन आघाड्या, मध्ये एक महिना. शत्रूंना बाहेरच्या वर्तुळावरून लांबचा पल्ला आणि मधल्या सत्तेला जवळचा, या कल्पनेला पुढे युद्धशास्त्रावर लिहिणाऱ्या जोमिनीच्या लिखाणातून ‘अंतर्गत रेषा’ हे नाव रूढ झाले. एक गोष्ट मात्र सहज विसरली जाते. फ्रेडरिक पूर्वेला निघाला तेव्हा पश्चिमेचा शत्रू मोडून पडलेला होता. तो नुसता थोपवलेला असता, तर पाठ फिरवणे परवडले नसते.

वेळ मोजून युद्ध खेळण्याची पद्धतही प्रशियातच आकाराला आली. थोरल्या राइसविट्झने १८१२ मध्ये आपला युद्धखेळ राजापुढे मांडला. १८२४ मध्ये त्याच्या मुलाने, जो तोफखान्यात अधिकारी होता, त्याचे सुधारित नियम प्रसिद्ध केले. नकाशाचे प्रमाण १:८०००, एक खेळी म्हणजे दोन मिनिटे, मध्ये पंच आणि निकालासाठी फासे. दोन मिनिटांत तुकडी जितकी चालेल तितकीच पुढे सरकवायची. लिहून दिलेला हुकूम तुकडीपर्यंत पोहोचायला लागणारा वेळही पंच धरत असे. ‘राखीव दल आहे’ आणि ‘राखीव दल वेळेवर पोहोचेल’ यांतला फरक खेळणाऱ्याला हाताने अनुभवता येऊ लागला.

१८७१ नंतर जर्मन सेनाप्रमुख थोरल्या मोल्टकेने फ्रान्स आणि रशिया यांच्याशी एकाच वेळी युद्ध होईल असे धरून आखणी केली. त्याच्या उत्तरकालीन योजनांचा कल पश्चिमेला बचाव आणि पूर्वेला मर्यादित चढाई असा होता. पुढे सेनाप्रमुख झालेल्या श्लीफेनने तो उलटा केला. रशियाची जमवाजमव संथ, म्हणून आधी फ्रान्स संपवायचा, असा त्याचा विचार होता. ऑगस्ट १९१४ मध्ये या हिशेबाला तडा गेला. रशियन फौजा अपेक्षेपेक्षा लवकर पूर्व प्रशियात शिरल्या आणि पश्चिमेकडून दोन कोअर आणि एक घोडदळ डिव्हिजन पूर्वेला रवाना झाली. ती पोहोचेपर्यंत टॅनेनबर्गची लढाई (२६ ते ३० ऑगस्ट) जिंकून झाली होती, आणि फ्रान्समधल्या मार्न नदीवरच्या लढाईत ती नव्हतीच. वाटेत असलेले सैन्य कोणत्याच आघाडीवर लढत नाही. पटावर जर्मनी घेणाऱ्याची सर्वांत महागडी चूक आजही हीच आहे: दर फेरीला मत बदलून तेच रणगाडे पूर्वेकडून पश्चिमेला आणि पुन्हा पूर्वेला फिरवणे.

ॲलन कॅल्हॅमर यांनी १९५४ मध्ये रचलेल्या आणि १९५९ मध्ये स्वतः छापलेल्या ‘डिप्लोमसी’त फासेही नाहीत आणि पैसेही नाहीत. ३४ पुरवठा केंद्रे, त्यांपैकी १८ मिळवणारा जिंकतो. जर्मनीला बर्लिन, कील आणि म्युनिक, म्हणजे तीनच तुकड्या आणि भोवती चार बड्या सत्ता. इथे दुसरी आघाडी शब्दावर बंद करावी लागते. नेहमीची तोड म्हणजे दोघांच्या मधल्या बर्गंडी प्रांतात ठरवून टक्कर: म्युनिकमधून जर्मनी आणि पॅरिसमधून फ्रान्स, दोघेही बर्गंडीत जाण्याचा हुकूम लिहितात, बळ समान असल्याने कोणीच शिरत नाही आणि दोघे जागीच राहतात. एका तुकडीच्या खर्चात सीमा शांत. धोका असा की फ्रान्सने ऐन वेळी हुकूम लिहिलाच नाही, तर जर्मन सेना खरोखरच बर्गंडीत जाते आणि म्युनिक रिकामे पडते. त्या वेळी म्युनिकला लागून असलेल्या सायलेशियात किंवा टिरोलियात कोणाची सेना असेल, तर ते केंद्र गेलेच म्हणायचे. ऑस्ट्रियाची स्थिती याहून नाजूक, कारण त्याचे ट्रिएस्ट आणि इटलीचे व्हेनिस ही केंद्रे एकमेकांना चिकटलेली आहेत. म्हणून अनुभवी ऑस्ट्रिया पहिल्या वाटाघाटीला इटलीकडे जातो.

त्याच काळातल्या ‘रिस्क’ने (आल्बेर लामोरिस, १९५७) हा प्रश्न दारे, म्हणजे खंडाबाहेर उघडणारे प्रदेश, मोजण्याइतका सोपा केला. ऑस्ट्रेलियाला एकच दार आणि २ सैन्यांचा लाभ. युरोपला चार दारे आणि ५ चा. यापलीकडे इथे थांबण्यासारखे फार नाही.

१९७४ च्या ‘थर्ड राइक’मध्ये जॉन प्रॅडोस यांनी मात्र नेमकी नस पकडली. एक खेळी म्हणजे तीन महिने, आणि पश्चिम, पूर्व व भूमध्य या प्रत्येक आघाडीवर या ऋतूत पूर्ण चढाई, रेटारेटी की स्वस्थ बसणे, हे स्वतंत्र ठरवायचे. पूर्ण चढाईला त्या आघाडीसाठी १५ संसाधन गुण मोजावे लागतात; रेटारेटी फुकट. दुसरी आघाडी उघडणे हा तिथे जमाखर्चाच्या वहीत दिसणारा खर्च आहे. एका ठिकाणी चढाई आणि दुसरीकडे रेटारेटी ही चाल तिथूनच खेळाडूंच्या अंगवळणी पडली.

लॅरी हॅरिस यांचा ‘ॲक्सिस अँड अलाइज’ आधी १९८१ मध्ये नोव्हा गेम डिझाइन्सने काढला होता. त्यातली मेख सोंगट्यांच्या किमतीत आहे. १९८४ च्या आवृत्तीत पायदळ ३ आयपीसीला, चढाईत १, बचावात २. म्हणजे सहा पैलूंच्या फाशावर चढाईत १ पडला तर मारा लागतो, बचावात २ किंवा त्याहून कमी. रणगाडा ५ ला, चढाईत ३, बचावात २. लढाऊ विमान १२ ला, चढाईत ३, बचावात ४. बचावाचा एक गुण पायदळाने विकत घेतला तर दीड आयपीसी पडतो, रणगाड्याने घेतला तर अडीच. चढाईचा गुण रणगाड्याकडून सुमारे पावणेदोनला मिळतो, पायदळाकडून ३ ला. बचाव इतका स्वस्त असल्यामुळे पायदळाचा मोठा स्टॅक (एकाच प्रदेशात जमवलेल्या सोंगट्यांचा ढीग) रचून समोरच्याला हात लावू द्यायचा नाही, हा डाव लवकरच सगळीकडे रूढ झाला. पहिल्या फेरीत जर्मनीने १० पायदळे घेऊन २ आयपीसी शिल्लक ठेवणे ही त्या काळची सर्वमान्य खरेदी.

पण कोणती सोंगटी कोणत्या फेरीत घ्यायची, हे अंतरावरून ठरते. पहिल्या फेरीच्या शेवटी बर्लिनमध्ये ठेवलेले पायदळ दुसऱ्या फेरीत पूर्व युरोपात जाते, तिसऱ्यात रशियाच्या कारेलिया प्रदेशात आणि चौथ्यात मॉस्कोवर. रणगाडा एका खेळीत दोन घरे जातो, म्हणून दुसऱ्या फेरीत घेतलेला रणगाडा तिसऱ्यात कारेलिया गाठतो आणि चौथ्यात पायदळाबरोबरच मॉस्कोवर पडतो. (कारेलिया तिसऱ्या फेरीआधी हातात आलेला हवा, हे गृहीत आहे.) आधी पायदळ, मग रणगाडे. क्रम उलटा केला तर रणगाडे दोन फेऱ्या आधी पोहोचतात, पायदळाच्या आडोशाशिवाय उभे राहतात आणि रशिया ३ आयपीसीच्या सोंगट्यांनी ५ च्या सोंगट्या टिपतो.

पश्चिमेचा हिशेब फेऱ्यांच्या क्रमावर चालतो: रशिया, जर्मनी, ब्रिटन, जपान, अमेरिका. दोस्त राष्ट्रे चढाई एकेकट्याने करतात, बचाव मात्र एकत्र. पश्चिम युरोपाची किंमत ६ आयपीसी, आणि तो बर्लिनला लागून आहे. तिथे एकच पायदळ ठेवून मुख्य राखीव दल बर्लिनमध्ये ठेवता येते. ब्रिटनने चार पायदळे उतरवून तो घेतला तर त्या फेरीत त्याला ६ मिळतात. पण आपले उत्पन्न आपल्या फेरीच्या शेवटी जमा होते, तेव्हा त्याआधी प्रदेश परत घेतला की जर्मनीचे काहीच बुडत नाही आणि ब्रिटनची १२ आयपीसीची माणसे जातात. मात्र अमेरिकन मालवाहू जहाजे ब्रिटनजवळ पोहोचली की ही युक्ती मोडते. ब्रिटन चार उतरवतो, त्याच्यामागून जर्मनीची पाळी येण्याआधीच अमेरिका आणखी चार आणून ठेवते, आणि परत घ्यायचा प्रदेश आठ पायदळांनी भरलेला असतो. म्हणून दोन्ही ताफे एकाच सागरी क्षेत्रात दिसण्याच्या एक फेरी आधी पश्चिमेचा स्टॅक जाड करावा लागतो. दिसल्यावर केला तर उशीर झालेला असतो.

अंतर्गत रेषेवरची खरी सोंगटी म्हणजे लढाऊ विमान. त्याची चाल चार घरांची. बर्लिनहून कारेलियात मारा करून ते त्याच फेरीत परत येते आणि शत्रूच्या पाळीत ४ च्या गुणाने बर्लिनचे किंवा पश्चिम युरोपाचे रक्षण करते. एकाच फेरीत दोन्ही आघाड्यांवर इतकी कामाला येणारी दुसरी सोंगटी नाही. जर्मन विमाने स्वस्तातल्या लढाईत गमावणाऱ्याचा पेच तिथूनच सुटेनासा होतो.

२००४ च्या सुधारित आवृत्तीने हा तोल हलवला. जर्मनीचे उत्पन्न ४० झाले. रणगाडा ५ लाच राहिला, पण बचावातही ३ झाला. पुढे धावलेला रणगाडा आता घेतलेली जागा धरू शकत होता. लढाऊ विमान १० वर आले. ४ आयपीसीची तोफ सोबत असली की एका पायदळाची चढाई १ वरून २ होते. पूर्वेला कारेलिया (२), बेलोरशिया (२) आणि युक्रेन (३) या प्रदेशांची देवाणघेवाण सुरू झाली. मधल्या डेड झोनमध्ये, म्हणजे दोन्ही बाजूंच्या माऱ्यात येणाऱ्या पट्ट्यात, मोठा स्टॅक नेणारा मार खातो, म्हणून तिथे जेमतेम बळ पाठवायचे. समोर एकच पायदळ असेल तर दोन पायदळे आणि एका विमानाने पहिल्याच फाशात ते पडण्याची शक्यता सुमारे ६५ टक्के. दुसरे विमान जोडले की सुमारे ८३. विमान प्रदेश जिंकू शकत नाही, तेव्हा निदान एक पायदळ जगले पाहिजे. जास्त पाठवून ती सगळी जगली तरी वाईटच, कारण पुढच्या पाळीत तीही मारली जाणार.

२००८ च्या वर्धापनदिन आवृत्तीत मालवाहू जहाज ७ आयपीसीचे झाले आणि त्याचा बचाव शून्यावर आला. बदल समुद्रावरचा, पण तो लाभला बर्लिनला. पूर्वी जहाजांचीच भिंत करून समुद्र ओलांडता येत असे. आता संरक्षक युद्धनौका आधी बांधाव्या लागतात, नाहीतर जर्मन विमाने भरलेली जहाजे बुडवतात. ब्रिटनचे सैन्य मोठ्या संख्येने किनाऱ्यावर उतरणे त्यामुळे लांबते आणि पूर्वेला तेवढा वेळ मिळतो.

२००९ चा पॅसिफिक आणि २०१० चा युरोप हे याच खेळाच्या १९४० मालिकेतले दोन पट जोडून होणाऱ्या ‘ग्लोबल’मध्ये हा वेळ नियमातच लिहिलेला आहे. जर्मनी ३० आयपीसीवर सुरू होतो आणि पॅरिस घेतले की फ्रान्सच्या तिजोरीतले १९ मिळतात. स्वतःवर हल्ला झाला नाही तर रशियाला सहसा चौथ्या फेरीपर्यंत युद्ध पुकारता येत नाही, अमेरिकेला तिसऱ्या फेरीच्या अखेरीपर्यंत. रशियाशी शांतता असेपर्यंत जर्मनीला फेरीमागे ५ आयपीसी जास्त मिळतात. मग हल्ला कधी करायचा? थांबावे तर हे ५ मिळत राहतात, पण तिकडे रशिया ३७ आयपीसीवर फेरीमागे १२ पायदळे उभी करू शकतो. लवकर निघावे तर ते ५ बुडतात, मात्र लेनिनग्राद, स्टालिनग्राद आणि मॉस्को या उद्दिष्टांचे प्रत्येकी ५ अलीकडे येतात. पहिल्या फेरीत १६ ची विमानवाहू नौका आणि ७-७ ची दोन मालवाहू जहाजे घेऊन नेमके ३० खर्च करणे, म्हणजे लंडनवर उतरण्याचा धाक घालणे, ही लोकप्रिय सुरुवात. ब्रिटनला त्यामुळे आपले पैसे लंडनमधल्या पायदळात अडकवावे लागतात. पण ते ३० म्हणजे पूर्वेची १० पायदळे. धाक दोन फेऱ्यांत वठला नाही तर मॉस्कोसमोर ती दहा कमी पडतात, आणि डाव हातचा गेलेला बहुधा तिथेच कळतो.

या बदलांचा एकत्र परिणाम बिडमध्ये उतरला. बिड म्हणजे बाजू दुबळी मानून सुरुवातीला तिला दिलेले जादा आयपीसी. १९८४ च्या पटावर बिड अक्ष राष्ट्रांना मिळत असे आणि त्यातली पायदळे बऱ्याचदा आफ्रिकेत किंवा पूर्व आघाडीवर ठेवली जात. ‘ग्लोबल’च्या २०१२ च्या दुसऱ्या आवृत्तीत मुरलेले खेळाडू बिड दोस्त राष्ट्रांना देतात.