चार जोड्या धडधाकट, एकच आजारी

द्राक्षबागांची ऑक्टोबरची गोडी छाटणी तोंडावर आली की नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी-निफाडकडच्या शेडमधून बॅटरीवरच्या कात्र्या बाहेर निघतात. एप्रिलच्या खरड छाटणीला दिवसभर चाललेली कात्री आता पाच-पन्नास काड्या कापते आणि गप्प बसते. चार्जरला लावली तर थोड्याच वेळात हिरवा दिवा लागतो, म्हणजे ‘फुल’! नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या वर्कशॉपमधल्या ड्रिल-ग्राइंडरची तक्रारही हीच. बॅटरीचा पॅक गेला म्हणून नवा घेतला जातो. पण जुना उघडून मोजला तर बहुतेक वेळा बिघाड आतल्या सेलच्या एकाच जोडीत सापडतो.

18 व्होल्टच्या पॅकमध्ये लिथियम-आयन सेल असतात, सहसा 18650 मापाचे: 18 मिलिमीटर जाड, 65 मिलिमीटर लांब. एका सेलचे सरासरी व्होल्टेज 3.6, पूर्ण भरल्यावर 4.2. असे पाच सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक, जोडले की सरासरी 18 आणि भरल्यावर 21 व्होल्ट. बाजारातले ‘18’, ‘20’ आणि ‘21’ हे बऱ्याचदा याच पाच सेलचे हिशेब असतात, बाकी लेबलची करामत. दहा सेलच्या पॅकमध्ये दोन-दोन सेल पॅरलल, म्हणजे शेजारी-शेजारी, जोडून पाच जोड्या करतात आणि त्या जोड्या सिरीजमध्ये लावतात. व्होल्टेज तेवढेच राहते, अँपिअर-तास, म्हणजे क्षमता, दुप्पट होतात.

पॅक उघडल्यावर मीटर डीसी 20 व्होल्टच्या रेंजवर ठेवून प्रत्येक जोडी वेगळी मोजायची. समजा आकडे आले 3.91, 3.90, 3.92, 3.35, 3.90. बेरीज 18.98, म्हणजे बाहेरच्या टर्मिनलवर मोजणाऱ्याला पॅक ठणठणीत वाटणार. प्रत्यक्षात चौथी जोडी जवळपास रिकामी आहे. कात्री चालवली की ती सर्वांत आधी तळ गाठते आणि बीएमएस बोर्ड, म्हणजे पॅकवर नजर ठेवणारे आतले सर्किट, सगळा पॅक बंद करतो. चार्जिंगला लावले की बाकीच्या चार जोड्या लवकर 4.2 ला पोचतात, बोर्ड चार्जिंग थांबवतो आणि चौथी अर्धपोटीच राहते. वापरायला मिळते ते दहातले जेमतेम तीन भाग.

हा फरक पडतो कसा? प्रत्येक सेल पडून पडून थोडा रिकामा होतो, पण सगळे सारख्या वेगाने होत नाहीत. काही बोर्ड स्वतःला लागणारी वीज खालच्या एकाच जोडीतून घेतात, त्यामुळे दोन छाटण्यांमधल्या महिन्यांत तीच झिजते. त्यात एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडचा ताप. पॅक ठेवायचाच असेल तर दर सेल 3.7-3.8 व्होल्टवर आणि घरात, सावलीत ठेवावा.

बोर्डवर बॅलन्सिंग, म्हणजे सगळ्या जोड्या एका पातळीवर आणायची सोय, असले तरी त्याच्याकडून फार अपेक्षा नको. भरलेल्या जोडीवर 100 ओहमचा रेझिस्टर लावून जादा चार्ज जाळायचा, एवढेच ते करते. 4.2 व्होल्टला करंट 42 मिलिअँपिअर, म्हणजे 500 मिलिअँपिअर-तासांचा फरक मिटवायला बारा तास. टूलच्या अनेक पॅकमध्ये तर तेवढीही सोय नसते. अशा वेळी टीपी4056 चे छोटे मोड्यूल (एकेका सेलला किंवा जोडीला भरणारा चार्जिंग बोर्ड) मोबाइल चार्जरवर लावून खालावलेली जोडी तेवढी 4.2 पर्यंत भरावी. एकाच चार्जरवरून दोन मोड्यूल दोन जोड्यांना एकदम लावू नयेत. त्यांचे निगेटिव्ह आतून एकच असल्याने मधली जोडी सरळ शॉर्ट होते. भरल्यावर पॅक आठवडाभर तसाच ठेवून पुन्हा मोजावा. जोडी इतरांबरोबर टिकली तर काम झाले. तीच पुन्हा घसरली तर सेल खराब. आणि जी जोडी दीड व्होल्टखाली जाऊन आठवडेच्या आठवडे पडली होती, ती भरायच्या फंदात पडू नये. आतले तांबे विरघळून चार्जिंगच्या वेळी सेल आतून शॉर्ट होऊ शकतो.

बदलायचे तर दहाही सेल बदलावेत. एकच नवी जोडी घातली की जुन्या-नव्याची ओढाताण महिन्याभरात पुन्हा सुरू. सेल निवडताना क्षमतेपेक्षा करंट पाहावा. सॅमसंगचा 35ई 3500 मिलिअँपिअर-तासांचा, पण सतत 8 अँपिअरच देतो; 25आर 2500 चा, पण 20 अँपिअर देतो. ग्राइंडरने 540 वॅट ओढले की 18 व्होल्टवर 30 अँपिअर होतात, दर सेलला 15. तिथे 35ई तापून मरेल. ‘9900’ छापलेला सेल हातातही धरू नये, 18650 मध्ये तेवढे मावतच नाही. खरा सेल साधारण 45 ग्रॅम भरतो, म्हणून वजनकाटा जवळ असू द्यावा.

पॅरलल जोडण्यापूर्वी दोन्ही सेलमधला फरक 0.05 व्होल्टच्या आत आणावा. एक 4.1 आणि एक 3.3 असेल, दोघांचा अंतर्गत रोध 20-20 मिलिओहम असेल, तर जोडताक्षणी 20 अँपिअर एकमेकांत धावतात.

सेलच्या पॉझिटिव्ह टोकाकडे नीट पाहा. मधले बटण पॉझिटिव्ह, पण भोवतालची कड निगेटिव्ह डब्याचीच, आणि दोघांत आड फक्त प्लास्टिकची पातळ साल. सेल एकमेकांना जोडणाऱ्या धातूच्या पट्टीच्या धारेने ती फाटली की तिथेच ठिणगी. म्हणून प्रत्येक पॉझिटिव्हवर फिश पेपरची (वीज न वाहणाऱ्या चिवट कागदाची) चकती हवीच. पट्टी शुद्ध निकेलची, 0.15 मिलिमीटर जाडीची, ग्राइंडरच्या पॅकला दुहेरी. निकेल चढवलेली लोखंडी पट्टी दिसायला सारखीच असते. ओरखडा काढून मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवली की गंज खरे बोलतो. जोड स्पॉट वेल्डिंगनेच द्यावा. सोल्डरची उष्णता सेलच्या सीलला आणि आतल्या पडद्याला सोसत नाही.

बोर्डाच्या तारा जोडताना आधी मुख्य निगेटिव्ह, मग पहिल्या जोडीपासून क्रमाने वर, शेवटी मुख्य पॉझिटिव्ह. काढताना बरोबर उलटे. क्रम चुकला तर काही बोर्ड कायमचे लॉक होतात, मग सेल कितीही चांगले असोत. अंगठी आणि धातूचे घड्याळ आधीच काढून ठेवावे. पहिले चार्जिंग फरशीवर, कोणीतरी जागे असताना.

काढलेल्या जुन्या सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून ते ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावेत. घंटागाडीत टाकले तर कचरा दाबला जाताना ते पेट घेऊ शकतात.